खाडे

बारा पावलं असतील. स्टुलापासून दारापर्यंत बारा आणि परत येताना बारा. डॉक्टर म्हणाले, "त्या दारापर्यंत जाऊन या," आणि मी गेले. दाराला हात टेकवला, वळले, परत येऊन उभी राहिले. कागदावरून मान वर न करता ते म्हणाले, "छान." आणि मला बरं वाटलं. पहिलीतल्या पोराच्या पाटीवर बाईंनी बरोबरची खूण केली की त्याला वाटतं, अगदी तसं. त्या बुधवारला आज सतरा दिवस झाले आणि ते 'छान' काही मनातून जात नाही. अपंगत्वाच्या तपासणीला गेलेली बाई चालून दाखवते आणि शाबासकी मिळाली म्हणून सुखावते, याला काय म्हणायचं? बावीस वर्षं मी मुलांना सांगत आले की विचारलंय तेवढं नीट करून दाखवा. मला कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं आणि मी ते नीट करून दाखवलं. हे सगळं मी आडवी पडून, फोनवर, एका वेळी चार-पाच ओळी असं लिहितेय. कुठे सांधा सुटलेला वाटला तर समजून घ्या.

आमच्याकडे बुधवारी अपंगत्वाचा दाखला देणारं डॉक्टरांचं बोर्ड बसतं. सकाळी आठलाच व्हरांड्यातली बाकं भरली होती. फिनेलचा वास, वर करकरणारा पंखा, आणि प्रत्येकाच्या मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी. समोर एक आई बसली होती. तिच्या मांडीवर नऊ-दहा वर्षांचा मुलगा, त्याला मान सावरता येत नव्हती. ती दर थोड्या वेळानं त्याच्या हनुवटीखालचा रुमाल बदलत होती आणि ओला रुमाल घडी करून दुसऱ्या पिशवीत ठेवत होती. माझ्या शेजारी पायाला कॅलिपर लावलेले पन्नाशीचे गृहस्थ होते. जुना दाखला त्यांच्याकडे होता, आता यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी आले होते. मी इस्त्रीची सुती साडी नेसून, वेणी घालून त्या सगळ्यांत बसले होते. निघताना जाऊबाई म्हणाल्या होत्या, "अहो, इतकं नीटनेटकं जाऊ नका. जरा आजारी दिसा." मला तेव्हा राग आला होता. तिथे बसल्यावर वाटलं, त्या माझ्या काळजीनंच म्हणाल्या.

शेजारच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "ताई, तुम्हाला काय झालंय?"

"ताप आला होता," मी म्हणाले.

"कधी?"

"एप्रिल दोन हजार एकवीस."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, नुसतं कोडं होतं. मीही पुढे काही बोलले नाही. पुढचं सांगायला लागले की माझं मलाच खोटं वाटायला लागतं, हे मला चार वर्षांत कळलंय.

दुसऱ्या लाटेतला ताप. बारा दिवस अंगात होता. ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली गेला नाही, दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. आमच्याच गल्लीत त्या महिन्यात तीन माणसं गेली, त्यामुळे घरात सगळे म्हणायचे, देवानं हात दिला. मीही तेच म्हणायचे. जूनमध्ये फोनवरून शाळा सुरू झाली, ती ओढली. डिसेंबर २०२१ मध्ये वर्ग पुन्हा भरले आणि पहिल्याच आठवड्यात तिसरीच्या वर्गात फळ्यासमोर उभी असताना मला खडू हा शब्द सापडेना. हातात खडू होता. मुलांना म्हणाले, "ते द्या रे... ते पांढरं... लिहायचं." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एक बारकी मुलगी उठली आणि हळूच म्हणाली, "बाई, खडू? तुमच्याच हातात आहे." कुणी हसलं नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्या दिवशी साडेदहा ते पाच पूर्ण शिकवलं, घरी आले, स्वयंपाक केला. दुसरा दिवसही कसातरी गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बसता येईना. कुकरची शिट्टी कानात खिळा ठोकल्यासारखी वाटली. खिडकीचा पडदा लावून घेतला तो पाच दिवस तसाच होता.

आपल्याकडे थकण्याला शब्द कमी नाहीत. माणूस दमतो, शिणतो, गळून जातो, त्याचं अंग मोडून येतं. पण हे सगळं काम केल्यावर येतं आणि निजल्यावर जातं. दमलेल्या माणसाला गाढ झोप लागते, सकाळी तो ताजा होतो, म्हणून तर 'शीण गेला' असं आपण म्हणतो. माझं झोपेनं काहीच जात नाही. आणि ते कामानंतर लगेच येतही नाही. आज केलेल्या कामाचं बिल उद्या किंवा परवा येतं, आणि कामापेक्षा मोठं येतं. पुण्याच्या ज्या डॉक्टरांनी शेवटी नाव सांगितलं, त्यांनी हीच या आजाराची मुख्य खूण असल्याचं सांगितलं. मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. विषाणूच्या तापानंतर काहींना होतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं त्याचे निकष ठरवले. सहा महिन्यांहून जास्त टिकणारा आणि पूर्वीसारखं जगू न देणारा थकवा, श्रमानंतर कोसळणं, ताजं न करणारी झोप, आणि त्यासोबत एकतर डोक्यातलं धुकं किंवा उभं राहिलं की त्रास. मला चारही आहेत की पाचही, हे मोजायचं मी सोडून दिलंय. कोरोनात आणलेला ऑक्सिमीटर मात्र अजून उशाशी असतो. पडून असताना नाडी अठ्ठ्याहत्तर असते. भिंतीला टेकून दहा मिनिटं उभी राहिले की एकशे सोळा. यात माझं मत नाही, माझी कुरकुर नाही, यंत्रावरचा आकडा आहे. बुधवारी तो ऑक्सिमीटर माझ्या पर्समध्ये होता.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर दुधाचे खाडे मांडायचे हा घरातला जुना रिवाज. सासूबाई मांडायच्या, मग मी मांडायला लागले. दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली, महिनाअखेरीला गवळी आला की फुल्या मोजून हिशेब. २०२२ च्या जानेवारीत मी पडून होते तेव्हा नवऱ्यानं त्याच पानावर लाल पेनानं वेगळ्या फुल्या मारायला सुरुवात केली. मला आधी वाटलं, या महिन्यात दूधवाल्यानं फारच दांड्या मारल्या. विचारलं तर म्हणाला, "हे तुझे खाडे आहेत." पुण्याच्या डॉक्टरांनी नोंद ठेवायला सांगितली होती आणि त्याला नोंद ठेवायची ही एकच पद्धत माहीत होती. ज्या दिवशी मी अंथरुणातून उठले नाही, त्या दिवशी लाल फुली. ज्या दिवशी नुसती अंघोळ झाली, त्या दिवशी अर्धी, म्हणजे एकच तिरकी रेघ. तेव्हापासूनची सगळी वर्षं कपाटात आहेत. लग्नांच्या, परीक्षांच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या तारखांना निळं गोल, आणि त्या प्रत्येक गोलानंतर एक-दोन घरं सोडून लाल फुल्यांची रांग. लेकीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी पेढे वाटायला चार घरं फिरले होते. त्यानंतरच्या सहा फुल्या बघितल्या की अजून पेढ्यांचा वास येतो.

हा आजार घरात पहिल्यांदा आला असं मला हल्ली वाटत नाही.

माझी आजी, आईची आई, बार्शीची. १९७३ मध्ये बार्शीला चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. साथीच्या इतिहासात ती नोंद आहे, कारण त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तो आजार आपल्या देशात जवळजवळ दिसलाच नाही, मग २००६ मध्ये एकदम परतला. आजीच्या घरात त्या तापाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आई तेव्हा सोळा वर्षांची. ती सांगते की घरातले सगळे महिन्याभरात उठले, आजी उठली नाही. म्हणजे उठायची, चुलीपुढे बसायची, भाकरी थापता थापता परात सरकवून भिंतीला पाठ टेकायची. आठवड्यातून दोन दिवस ठीक, मग चार दिवस आडवी. तिच्या सासूनं त्याला 'थेरं' हा शब्द ठेवला होता आणि तो आजीला शेवटपर्यंत चिकटला. आम्ही नातवंडंसुद्धा आजी जरा आळशी आहे असंच समजून वाढलो. तिचं स्वतःचं म्हणणं एवढंच असायचं, "ताप अंगात मुरलाय गं." मुरलाय. लोणच्याला, दह्याला वापरतो तो शब्द. विषाणू जातो आणि मागे काहीतरी मुरून राहतं, हे जिला चौथीपुढे शाळा मिळाली नाही तिनं एका शब्दात सांगितलं होतं आणि ते कुणी ऐकून घेतलं नाही. मीसुद्धा नाही. आता ती नाही, आणि तिची माफी मागायची मला फार इच्छा होते.

तर दाखल्याकडे. मला तो पैशासाठी नकोय असं म्हणणार नाही. माझी वैद्यकीय रजा संपली, अर्धवेतनी संपली, आता असाधारण रजेवर म्हणजे बिनपगारी आहे. पण मुख्य कारण वेगळं. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० मध्ये असं आहे की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या माणसाला कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. मला शाळेचं ऑनलाइन माहिती भरायचं, नोंदवह्यांचं काम बसून, पडून, थांबून थांबून करता येईल. मला ते करायचंय. कार्यालय म्हणतं, दाखला आणा.

म्हणून महा ई-सेवा केंद्रात गेले. तिथला मुलगा माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं आधी स्वतःची खुर्ची मला दिली आणि स्वतः उभं राहून अर्ज भरायला लागला. नाव, आधार, पत्ता झालं आणि मग तो थांबला. "बाई, प्रकार कोणता टाकू?" पडद्यावर यादी उघडली होती. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, कुष्ठरोगमुक्त, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसीमिया, सिकल सेल, पार्किन्सन्स... तो खाली खाली जात होता. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत, आणि त्यासाठी किती लोक किती वर्षं झगडले असतील याची मला कल्पना आहे. त्या एकवीसमध्ये मी नव्हते. खरं तर याच कायद्याच्या सुरुवातीला अपंग व्यक्तीची जी व्याख्या आहे ती मी कितीदा तरी वाचलीय. ज्याची शारीरिक किंवा मानसिक हानी दीर्घकाळची आहे आणि अडथळ्यांमुळे ज्याला समाजात इतरांच्या बरोबरीनं वावरता येत नाही, असा तिचा आशय. त्या व्याख्येत मी पूर्ण बसते. पण दाखला व्याख्येवर मिळत नाही, परिशिष्टातल्या यादीवर मिळतो, आणि त्यातही चाळीस टक्के भरले तरच बहुतेक सवलती. यादीच्या शेवटी एक ओळ आहे, केंद्र सरकार आणखी प्रकार जाहीर करू शकेल अशी. ती ओळ वाचली की मला दर वेळी थोडा धीर येतो. शेवटी आम्ही 'दीर्घकालीन चेतासंस्थेचे आजार' निवडलं. ते खोटं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं हा आजार १९६९ पासून चेतासंस्थेच्या आजारांतच धरलाय. मुलानं बटण दाबलं, पावती काढली आणि म्हणाला, "होईल बाई." पैसे घेईना.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धा राहील. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. बदल्यांच्या वेळी दिव्यांग शिक्षक विशेष संवर्ग भाग १ मध्ये येतात, त्यांना सोयीची शाळा मागता येते. आणि दर बदलीच्या हंगामात अचानक काही जणांचे कान, काही जणांचे गुडघे अधू होतात, हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक असतं. खोट्या दाखल्यांच्या चौकशा झाल्या, २०२४ मध्ये तर हा विषय देशभर गाजला. आमच्याच तालुक्यात धडधाकट माणसानं संवर्ग एकमधून जवळची शाळा घेतली आणि पोलिओ झालेल्या बाईंना नदीपलीकडं जावं लागलं, तेव्हा तावातावानं बोलणाऱ्यांत मी पुढे होते. म्हणून बोर्डातल्या डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला ओळखीची होती. इस्त्रीची साडी, शिक्षिका, एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल. त्यांच्या जागी मी असते तर? कितीही प्रामाणिकपणे विचार केला तरी याचं उत्तर मला माझ्या बाजूनं देता येत नाही. त्यांनी नीट तपासावं, कसून तपासावं, हे मला मान्यच आहे. फक्त कशाची तपासणी करायची, हा माझा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये लेस्टरला माझी मामेबहीण असते. तिलाही २०२० च्या कोरोनानंतर हेच झालं. तिकडे अपंगत्वासाठी मिळणाऱ्या भत्त्याचं नाव पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट. त्यात आजाराची यादी नसते. स्वयंपाक, अंघोळ, कपडे, चालणं, अशा एकेका कामाला गुण असतात आणि आठ गुण झाले तर भत्ता, बारा झाले तर वाढीव. जितकं कमी जमतं तितके गुण जास्त. तिला ही उलटी परीक्षा पचायला फार जड गेली, आमच्या घरात सगळ्या पोरींना पहिलं यायची सवय. एका रात्री तिनं फोनवर मला त्या नियमातला एक भाग वाचून दाखवला. एखादं काम तुम्हाला येतं असं कधी म्हणायचं? ते सुरक्षितपणे, पुरेसं नीट, वाजवी वेळेत आणि लागेल तेवढ्या वेळा पुन्हा करता येत असेल तर. पुन्हा. तो शब्द तिनं दोनदा वाचला आणि आम्ही दोघी गप्प झालो. मग मी तिला म्हटलं, परत वाच. तो नियम असूनही तिला आधी नकारच आला. फेरविचाराचा अर्ज, मग ट्रिब्युनल, चौदा महिने गेले, आणि त्या चौदा महिन्यांतल्या कागदांनीच तिला आणखी आजारी केलं. तरी शेवटी मिळालं, कारण नियमात तो शब्द होता आणि तिला त्यावर बोट ठेवता आलं.

आमच्या या आजाराची एक चाचणी आहे, सायकलवर बसवून श्वास मोजायची. ती लागोपाठ दोन दिवस करतात. पहिल्या दिवशी बरेच रुग्ण ठीकठाक पायडल मारतात. दुसऱ्या दिवशी तेच शरीर तेवढं काम करू शकत नाही, आणि कसर तिथे कळते. ही चाचणी माणसाला आठवडाभर पाडते, म्हणून सगळ्यांनी करावी असं मी म्हणणार नाही. पण तिच्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. कुणालातरी सुचलं की हिला उद्याही बोलवा.

त्या बुधवारी मी दहा मिनिटं आत होते. हात ढकला, पाय उचला, डोळे मिटून नाकाला बोट लावा. "पॉवर फाइव्ह बाय फाइव्ह," एक डॉक्टर दुसऱ्यांना म्हणाले. स्नायूंची ताकद पाचपैकी पाच. मग दारापर्यंतची ती बारा पावलं. मी पिशवीतून दिनदर्शिकेची पानं काढली, त्यावर ते मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, हे राहू द्या, हे आम्हाला धरता येत नाही." ते वाईट बोलले नाहीत. बाहेर चाळीस माणसं होती. त्यांना मी पाऊण मिनिट चालताना दिसले आणि खरोखर चांगलीच चालले. त्या पाऊण मिनिटासाठी मी रविवारपासून केस धुतले नव्हते, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं, अंधाऱ्या खोलीत तीन दिवस पडून ताकद साठवली होती, एवढी की इस्त्रीच्या साडीला पुरावी. ते त्यांना कुठून दिसणार? बाहेर आले तर कॅलिपरवाले गृहस्थ अजून बसले होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, मी मान हलवली. त्यांनी बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली. मी बसले. रिक्षा येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

गुरुवार ठीक गेला. शुक्रवारी दुपारी कोसळले. दिनदर्शिकेवर त्या बुधवारी निळा गोल आहे, आणि शुक्रवारपासून नऊ लाल फुल्या.

नकाराचं पत्र परवा आलं. कलम ५९ खाली अपील करता येतं. नवऱ्यानं चारही वर्षांच्या पानांच्या झेरॉक्स काढून आणल्यात, दुकानदारानं त्याला विचारलं म्हणे, एवढा दुधाचा हिशेब कुणाला द्यायचाय? त्या पानांसोबत जोडायचा अर्ज मलाच लिहायचाय. तीन दिवसांत एक ओळ झालीय.

'महोदय, बुधवारी मी दारापर्यंत चालत गेले, हे खरं आहे.'